प्रसंगातील ताण आणि कॅमेरा

आता काहीतरी होणार, पण अजून झालेले नाही, अशा अवस्थेत प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. चित्रपटाच्या परिभाषेत यालाच प्रसंगातील ताण म्हणतात. कथा, अभिनय, ध्वनी आणि संकलन यांचा त्यात वाटा असतोच. परंतु कॅमेरा कुठे उभा आहे, तो किती दाखवतो आणि कोणत्या गतीने हलतो, यांवर ताणाची पहिली वीण पडते.

धक्का आणि ताण या निराळ्या गोष्टी आहेत. रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हा फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने सांगत. बॉम्ब न दाखवता फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. आधी दाखवला तर टेबलावरच्या साध्या गप्पाही त्याला ऐकवत नाहीत. म्हणजे कॅमेरा मुळात माहिती वाटत असतो. ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ एव्हिल’मध्ये (१९५८) सुरुवातीलाच एका गाडीच्या डिकीत टाइमबॉम्ब ठेवला जातो, आणि क्रेनवरचा कॅमेरा तीन मिनिटांहून अधिक काळ एकही कट न घेता, म्हणजे शॉट कुठेही न तोडता, त्या रस्त्यांवर फिरत राहतो. कट नसल्याने मधला वेळ गाळता येत नाही. बॉम्बचे घड्याळ आणि प्रेक्षकाचे घड्याळ एकच होते.

पुण्याच्या पेठेतल्या जुन्या वाड्यातला एक काल्पनिक प्रसंग घेऊ. रात्री वीज गेली आहे. एक मुलगी चौकातून लाकडी जिन्याने माडीवर निघाली आहे, आणि वरच्या दाराची कडी निघालेली आहे. माडीच्या कठड्याआडून दुरून घेतलेल्या लाँग शॉटमध्ये ती लहान आणि एकटी दिसते. शिवाय वरून कुणी पाहत असेल का, ही शंका मनात येते. पावलांच्या क्लोजअपमध्ये प्रेक्षक नकळत पायऱ्या मोजू लागतो. दार तिच्या नजरेतून दाखवले आणि कॅमेरा हळूहळू वर सरकला, तर जिना प्रेक्षकच चढत असतो. चौथा मार्ग म्हणजे कॅमेरा तिच्या पुढे राहून मागे सरकतो आणि तिचा चेहरा सोडत नाही. ती ज्याकडे पाहते आहे ते दिसत नाही, आणि तिच्या पाठीमागचा अंधार मात्र सतत चौकटीत राहतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या चौथ्या मांडणीत सर्वाधिक ताण आहे, कारण धोका पुढून येणार की मागून हेच ठरवता येत नाही. चारही शॉट भराभर जोडले, तर हा ताण पातळ होतो.

वाड्याच्या अरुंद जिन्यावर ट्रॉलीचे, म्हणजे कॅमेरा सरकवणाऱ्या गाडीचे, रूळ बसत नाहीत. तिथे कॅमेरा हातात किंवा अंगावर घ्यावा लागतो, आणि या दोहोंचा परिणाम वेगळा होतो. हातातला कॅमेरा श्वासासारखा हलतो, म्हणून ती भीती पात्राच्या मनातली वाटते. गॅरेट ब्राऊन यांनी शोधलेला, १९७६ पासून चित्रपटांत दिसू लागलेला स्टेडिकॅम, म्हणजे अंगावर बांधायचा कॅमेऱ्याचा आधार, पावलांचे हादरे गिळून तरंगत जातो. जणू जमिनीला पाय न लागणारे कुणी मागे येत आहे. सपाट जागी ट्रॉली वापरता येते. तेव्हा ती ढकलणाऱ्याचा हात फार मोलाचा असतो. सुरुवातीला जरासा हिसका बसला, तरी प्रेक्षकाला कॅमेऱ्याची जाणीव होते आणि साठलेला ताण सांडतो.

भिंगाचेही तसेच. दूर उभे राहून लांब भिंगातून, म्हणजे दूरचे जवळ दाखवणाऱ्या टेलिफोटो भिंगातून, टिपलेला कॅमेऱ्याकडे धावणारा माणूस कितीही धावला तरी जवळ येत नाहीसा वाटतो. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. इथल्या तिच्या पहिल्या चित्रपटात, ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४), व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो भिंगाने चित्रपटातल्या राजगुरूच्या डोळ्याचा क्लोजअप घेतला. पडदाभर पसरलेल्या त्या डोळ्यापासून नजर वळवायला चौकटीत दुसरी जागाच उरत नाही.

कॅमेरा एका दिशेला सरकवून झूम (भिंगातून दृश्य जवळ-दूर करणे) उलट दिशेने नेली की माणूस तेवढाच राहतो, पण मागची जागा ताणली किंवा आक्रसली जाते. हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’त (१९५८) उंचीची भोवळ अशी दाखवली आहे, त्यासाठी जिन्याची लहान प्रतिकृती आडवी ठेवून चित्रण केले होते. ही युक्ती आणि कॅमेरा कलता ठेवून घेतलेली तिरपी चौकट वारंवार वापरली की बोथट होते.

हालचाल थांबवूनही ताण वाढतो, आणि हे अधिक अवघड आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) डुकराचा पाठलाग ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. धावणारी माणसे जागच्या जागी उभी राहतात, आणि हाताशी आलेले डुक्कर निसटते. इथे पळण्यापेक्षा उभे राहणे जास्त असह्य होते. त्याच चित्रपटाच्या शेवटी नायक जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, आणि पडदा काळा होतो. तोवर आडोशाने पाहत बसलेला प्रेक्षक आता त्या दगडाच्या वाटेत असतो.