वायूची विद्राव्यता

ठरावीक तापमानाला आणि दाबाला एखाद्या द्रवात वायू जास्तीत जास्त किती विरघळू शकतो, ती मर्यादा म्हणजे त्या वायूची विद्राव्यता. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. पाण्यात विरघळणाऱ्या वायूंचे रोजच्या तापमानाला उलटे असते: पाणी तापले की ते बाहेर पडू लागतात. रात्री थंड पाण्याने भरून ठेवलेल्या पेल्याच्या आतल्या बाजूला सकाळी बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, ती विरघळलेली हवाच असते.

दाबाचा संबंध मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. तापमान तेच असेल, तर विरघळलेल्या वायूचे प्रमाण द्रवावरील त्या वायूच्या आंशिक दाबाच्या सम प्रमाणात असते. आंशिक दाब म्हणजे मिश्रणातील एकट्या त्या वायूचा वाटा. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणून एकूण दाबातला त्याचा वाटाही तेवढाच. अमोनिया किंवा हायड्रोजन क्लोराइडसारखे पाण्याशी जोरात अभिक्रिया करणारे वायू हा नियम सरळपणे पाळत नाहीत.

समुद्रसपाटीला हवेच्या संपर्कातील एक लिटर गोड्या पाण्यात ०° से.ला सुमारे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २०° से.ला ९.१ आणि ३०° से.ला ७.६. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी भरतो. त्यामुळे ३०° से.ला इथल्या पाण्याची मर्यादा ७ मिलिग्रॅमच्या आसपास येते. पाठ्यपुस्तकातला आकडा नाशिकच्या नदीला जसाच्या तसा लावणे म्हणूनच चूक.

विद्राव्यता किती मावेल ते सांगते, तिथवर पोहोचायला किती वेळ लागेल ते सांगत नाही. तो वेगाचा प्रश्न आहे. सोड्याची बाटली उघडताच आतला दाब उतरतो आणि हेन्रीच्या नियमानुसार बहुतेक कार्बन डायऑक्साइड बाहेर यायला हवा. प्रत्यक्षात सोडा बराच वेळ फसफसत राहतो, कारण बुडबुडा धरायला जागा लागते. अशा पेल्यात एक बेदाणा टाकून पाहावा. तो तळाशी जातो, सुरकुत्यांमध्ये बुडबुडे धरतो, वर येतो, पृष्ठभागावर ते फुटले की पुन्हा बुडी मारतो. शाळेतल्या प्रयोगासाठी याहून स्वस्त साहित्य सापडणार नाही.

नाशिकजवळच्या दिंडोरी आणि गंगापूर परिसरातील वायनरींत विद्राव्यता आणि वेग एकाच टाकीत सांभाळावे लागतात. यीस्ट द्राक्षरसातील साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते, हेच किण्वन. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असा हिशेब. लिटरमागे २२० ग्रॅम साखर असलेल्या एक लिटर रसातून ५० लिटरहून जास्त वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून किण्वनाच्या खोलीत हवा खेळती ठेवणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. किण्वनात उष्णताही सुटते, उष्णतेने वेग वाढतो आणि वाढलेल्या वेगाने आणखी उष्णता सुटते. व्हाइट वाइनच्या टाक्या साधारण १२ ते १८° से.ला थंड ठेवतात. न ठेवल्यास सुगंधी घटक वायूबरोबर उडून जातात. स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणाऱ्या वाइनच्या पारंपरिक पद्धतीत दुसरे किण्वन बंद बाटलीत होते. लिटरमागे २४ ग्रॅम साखर घातली, तर सुमारे १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि थंड तळघरात आतला दाब वातावरणाच्या पाच-सहा पट होतो. तीच बाटली मे महिन्यात ३५° से.च्या खोलीत राहिली, तर दाब जवळपास दुप्पट होऊ शकतो. जाड काच त्यासाठीच.

गोदावरीत हाच हिशेब उन्हाळ्यात अंगावर येतो. धरणाच्या दारांतून कोसळणारे पाणी हवेत घुसळले जाऊन मर्यादेपर्यंत लवकर पोहोचते, संथ पाण्याला ते जमत नाही, आणि वर पाणवेली पसरली की हवेशी संपर्कही तुटतो. पाणी तापल्याने ऑक्सिजन मावायची जागा कमी होते. त्याच वेळी सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ खाणारे जीवाणू जास्त जोमाने ऑक्सिजन वापरतात. अशा अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दर १०° से.ला दुपटीच्या आसपास वाढतो. म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. मासे मरण्याच्या घटनांमागे पाण्यातले विषच असते असे लोक धरून चालतात. अनेकदा ऑक्सिजन संपणे एवढेच कारण पुरते.

गोदावरीवरच्या रामकुंडासारख्या ठिकाणी स्नानासाठी लागू होणारा केंद्रीय निकष लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन मागतो आणि जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे सेंद्रिय पदार्थ खाताना जीवाणू वापरतात तो ऑक्सिजन, ३ मिलिग्रॅमच्या आत हवी असे सांगतो. ही मागणी मोजण्याची जुनी रीत २०° से.ला पाच दिवस नमुना ठेवण्याची होती. भारतातील प्रमाण पद्धतीत तोच नमुना २७° से.ला तीन दिवस ठेवतात: आपल्याकडच्या तापमानात जीवाणूंचे जवळपास तेवढेच काम तीन दिवसांत उरकते.