ताटाची डावी बाजू

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस मिरजेच्या रुग्णालयातून गावी परततो, तेव्हा घरच्यांचे लक्ष साहजिकच त्याच्या हातापायांकडे असते. मूठ वळते का, काठी टेकत ओसरीपर्यंत जाता येते का, हे रोज पाहिले जाते. मात्र भाकरीचा डावा अर्धा भाग ताटात तसाच उरतो आणि डावीकडे वाढलेल्या चटणी-कोशिंबिरीला हात लागत नाही, ही गोष्ट 'तोंडाला चव नाही' असे म्हणून सोडून दिली जाते. वास्तविक मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाली, की डोळे शाबूत असूनही डावीकडचे जग लक्षातूनच निसटू शकते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. आपल्याकडे पानाची डावी-उजवी बाजू ठरलेली असल्यामुळे हा दोष जेवतानाच ओळखता येतो.

सगळेच दोष असे उघड दिसत नाहीत. बागेत कोणती फवारणी आधी व कोणती नंतर, मजुरांचा हिशेब कसा मांडायचा, हे ज्याला काल तोंडपाठ होते, तो आज दोन कामांच्या मध्येच थांबतो. घरचे त्याला हट्टी किंवा आळशी म्हणू लागतात. पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्यही येते, त्यामुळे मन खचले आहे की विचारशक्ती मंदावली आहे, हे वेगळे काढणे डॉक्टरांनाही अवघड जाते.

इजा झालेल्या जागेशी जोडलेले मेंदूचे दूरचे भागही काही काळ मंद पडतात, असे मेंदूतज्ज्ञ कॉन्स्टंटिन फॉन मोनाको यांनी 1914 मध्ये मांडले होते. हे भाग पुन्हा जागे होतात आणि शिल्लक पेशी सरावाने नवे जोड तयार करतात, म्हणून सुधारणा होते. तिचा वेग पहिल्या सुमारे 3 महिन्यांत सर्वाधिक असतो, जरी ती त्यानंतरही थांबत नाही. जत, आटपाडी किंवा पाटणच्या वाडीवस्तीवर नेमके हेच महिने हातचे जातात. शहरातल्या एका खेपेसाठी रुग्णाबरोबर येणाऱ्याचाही रोजगार बुडतो, आणि जवळपास फिजिओथेरपिस्ट मिळाला तरी वाचा व स्मृती यांवर काम करणारा तज्ज्ञ मिळणे कठीण असते.

तपासणीतही अडचण आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेली 'मोका' ही स्मृती व विचारशक्ती तपासणारी 30 गुणांची चाचणी घड्याळ आणि घन काढायला सांगते. शिक्षण 12 वर्षे किंवा त्याहून कमी असेल तर 1 गुण वाढवून देतात; पण जिने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, त्या आजीला या एका गुणाने न्याय मिळत नाही. तिला आठवडी बाजाराची यादी तोंडी सांगायला लावणे अधिक उपयोगी ठरेल, असे मला वाटते. जतच्या पूर्व भागात तर आजीशी कन्नडमध्येही बोलून पाहावे लागेल, कारण दोन भाषा बोलणाऱ्याच्या दोन्ही भाषा सारख्याच प्रमाणात परततील असे नाही.

मग हे काम कुटुंबानेच करावे का? भारतातील 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' या अभ्यासात घरच्यांना पुनर्वसनाचे शिक्षण देण्यात आले होते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 6 महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांत त्यामुळे फरक पडला नाही. त्या अभ्यासाचा भर शारीरिक हालचालींवर होता. तरीही सगळा भार सुनेवर किंवा मुलावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही, एवढा बोध त्यातून नक्कीच घ्यावा लागतो.

तज्ज्ञाने दिशा दाखवली, तर घरात करण्यासारखे मात्र बरेच आहे. टीव्ही बंद करून एका वेळी एकच काम द्यावे. शेंगा निवडणे किंवा सुट्टे पैसे मोजणे चालेल, पण थकवा लवकर येतो म्हणून बैठक लहान ठेवावी. चुकू देऊन मग दुरुस्त करण्यापेक्षा सुरुवातीलाच बरोबर उत्तर सांगून ते म्हणवून घेतल्याने अनेक स्मृतिदोष असलेल्यांना अधिक लाभ होतो. ज्याला साधा शब्द सुचत नाही, तो कधीकधी आरती मात्र सुरात म्हणतो. अशा वेळी वाचा-उपचारक त्या सुराचाच आधार घेऊ शकतात.

ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवून 'आधी पट्टी शोधा, मग जेवा' अशी सवय लावता येते. रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट मात्र उजवीकडेच असावे. पहिल्या झटक्यानंतर सुमारे 10 पैकी 1 रुग्णाला नव्याने स्मृतिभ्रंश होतो, पुन्हा झटका आला तर हे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक होते, आणि डावीकडे ठेवलेली गोळी त्या माणसाच्या लेखी तिथे नसतेच.