काकाने घेतलेला फोन आणि चिनी पोरांचं इंग्रजी

दर जूनमध्ये व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतो. चीनमध्ये गाओखाओ नावाची कॉलेज-प्रवेशाची परीक्षा चालू असते, गेटबाहेर आया लाल छीपाओ (तिथला पारंपरिक झगा) घालून उभ्या, आजूबाजूची बांधकामं बंद, उशीर झालेल्या पोराला पोलीस मोटारसायकलवर बसवून आणतायत, आणि खाली मराठीत ओळ, "बघा, इंग्रजीशिवाय देश कसा पुढे जातो!" आमच्या फॅमिली ग्रुपवर हा मामांनी टाकला. मी लिहिलं, मामा, याच परीक्षेत दुसऱ्या दिवशी म्हणजे ८ जूनला दुपारी तीन ते पाच परकीय भाषेचा पेपर असतो, तो चिनी आणि गणिताइतकाच १५० मार्कांचा असतो, आणि रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश असे पर्याय असले तरी बहुतेक पोरं इंग्रजीच देतात. मामांनी अंगठा पाठवला. उरलेलं इथे लिहितोय, कारण ग्रुपवर एवढं मोठं कोणी वाचत नाही.

२०२४ मध्ये या परीक्षेला १ कोटी ३४ लाख पोरांनी नाव नोंदवलं होतं. इंग्रजीच्या नव्या पेपरात १५० पैकी ५० मार्क नुसते वाचनाला आहेत. चार उतारे, त्यावर पंधरा पर्यायी प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क. शिवाय छी-श्वान-वू म्हणजे 'सातातून पाच निवडा', ज्यात उताऱ्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली असतात आणि खाली सात दिलेली असतात, कुठलं कुठे बसतं ते ओळखायचं. आपल्या बोर्डातला अनसीन पॅसेज आठवा, फक्त त्यात 'फाइंड आउट द वर्ड' टाइपचे फुकटचे मार्क नाहीत.

आता गैरसमज. लोकांना वाटतं इंग्रजी वाचून कळत नाही म्हणजे शब्द कमी पडतात, शब्द पाठ केले की झालं. चीनमध्येही हेच वाटतं, तिथे साडेतीन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध आहे आणि पोरं ती अक्षरशः घोकतात. शब्द लागतात हे खरंच, पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञाने २००६ मध्ये हिशोब मांडला होता की साधी कादंबरी किंवा वर्तमानपत्र आरामात वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुटुंब) लागतात, कारण शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असले तरच उरलेल्या दोनचा अंदाज येतो. पण परीक्षेतले उतारे यादी समोर ठेवूनच छाटलेले असतात, बाहेरचा शब्द आला तर कंसात चिनी अर्थ देतात. तरी पोरं अडतात. कुठे अडतात याला तिथल्या मास्तरांकडे एक शब्द आहे, छांग-नान-च्यू, म्हणजे सरळ 'लांब-अवघड-वाक्य'. सगळे शब्द येतात आणि वाक्य येत नाही!

काही जण म्हणतील लिपीमुळे. चिनी म्हणजे चित्रलिपी, त्यांना एबीसीडी कशी जमणार? हाही गैरसमजच. ऐंशी टक्क्यांहून जास्त चिनी अक्षरं दोन भागांची असतात, एक अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची. 'मा' म्हणजे आई या अक्षरात डावीकडे बाई आहे आणि उजवीकडे घोडा, कारण घोड्यालाही 'मा'च म्हणतात, फक्त सूर वेगळा. आईचा घोड्याशी संबंध नाही, घोडा फक्त आवाज द्यायला उभा आहे. लिपीचा थोडा परिणाम होतो मात्र. २००३ मध्ये मिन वांग, केइको कोडा आणि चार्ल्स परफेटी यांनी इंग्रजी शिकणाऱ्या कोरियन आणि चिनी लोकांची तुलना केली, 'हे फूल आहे का' विचारून स्क्रीनवर शब्द दाखवायचा. गुलाबवाला 'रोज' नाही, रांगांवाला 'रोज'. कोरियन लिपी उच्चारावर चालते, ती मंडळी जास्त फसली. चिनी मंडळींचं लक्ष स्पेलिंगच्या दिसण्यावर, ती कमी फसली. (देवनागरीत दोन्ही 'रोज' सारखेच दिसतात, म्हणजे तुम्हीही आत्ता फसलात.)

डोळ्यांचंही थोडं सांगतो, मग मुद्द्यावर येतो. वाचताना डोळा सरकत नाही, उड्या मारतो, एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, पुन्हा उडी. त्या पाव सेकंदात इंग्रजी वाचणाऱ्याला डावीकडची तीन-चार आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरं उपयोगी पडतात. चिनी वाचणाऱ्याला डावीकडचं एक आणि उजवीकडची दोन-तीन, कारण चिनी अक्षर दाट असतं, एका अक्षरात अख्खा शब्द किंवा अर्धा शब्द. चिनीत शब्दांमध्ये मोकळी जागाही नसते आणि त्यांचं काही अडत नाही, २००८ च्या एका प्रयोगात मुद्दाम जागा सोडून दिली तरी वेग वाढला नाही. इंग्रजीतली जागा काढून टाका, वाचणारा लगेच रखडतो.

हे आकडे लक्षात ठेवा, उपयोगी आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये चीनच्या च्यांगसू प्रांतातला एक व्हिडिओ गाजला, पोरं पुस्तकाची पानं पत्त्यांसारखी फरफर उलटतायत, आणि क्लासवाल्यांचा दावा की ही 'क्वांटम स्पीड रीडिंग' आहे, लाखभर अक्षरांचं पुस्तक पाच मिनिटांत डोक्यात जातं. गणित करा. पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद, सेकंदाला चार थांबे धरले तर बाराशे थांबे. लाख भागिले बाराशे, एका थांब्याला ८३ अक्षरं. आणि डोळ्याची कुवत किती? चार-पाच. क्वांटमचा यात संबंध एवढाच की तो शब्द लावला की फी वाढते. आपण हसायचं कारण नाही, आपल्याकडे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचायला शिकवणारे क्लास निघाले आणि शिकलेल्या आईबापांनी पैसे भरले. पट्टी आणि नाक यांच्या मधल्या फटीतून दिसतं हो! फट बुजवली की 'तिसरा डोळा' बंद.

आता माझा लाडका भाग. हे वाक्य बघा, 'द फोन माय अंकल बॉट स्टॉप्ड वर्किंग'. दहावीच्या पोराला यातला प्रत्येक शब्द येतो. मराठीत, काकाने घेतलेला फोन बिघडला. चिनीत, 'शूशू माइ त शोउची ह्वाइ-ल'. एकेक शब्द ठेवून बघा: शूशू म्हणजे काका, माइ म्हणजे घेणे, त म्हणजे आपला 'चा' ('वो त शू' म्हणजे माझं पुस्तक, तोच हा 'त'), शोउची म्हणजे फोन, ह्वाइ-ल म्हणजे बिघडला. काका-घेणे-चा-फोन-बिघडला. मराठीचाच क्रम! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आख्खा दिवस लोकांना सांगत फिरत होतो आणि कोणालाही त्याचं काही वाटलं नाही.

गंमत पुढे आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, अशा भाषांमध्ये 'घेतलेला' सारखं वर्णन नामाच्या आधी येणं नेहमीचंच. पण चिनीत मुख्य वाक्य इंग्रजीसारखं चालतं, कर्ता-क्रियापद-कर्म, 'मी खातो भात'. अशा भाषांमध्ये वर्णन जवळजवळ नेहमी नामाच्या मागून येतं. मॅथ्यू ड्रायर यांनी जगभरातल्या शेकडो भाषांची यादी केली तेव्हा 'मी खातो भात' असूनही 'काकाने घेतलेला फोन' म्हणणाऱ्या भाषा पाचच सापडल्या, मँडरिन (म्हणजे आपण इथे चिनी म्हणतोय तीच), कँटोनीज, हाक्का, बाय आणि तैवानमधली आमिस. सगळ्या चीन-तैवानच्या पट्ट्यातल्या. म्हणजे चिनी पोराला इंग्रजी सुरुवातीला घरच्यासारखं वाटतं, 'आय ईट राइस' शब्दाला शब्द जुळतं, विश्वास बसतो, आणि मग अकरावी-बारावीच्या उताऱ्यात नामाच्या मागे शेपूट लागलेलं वाक्य येतं आणि तो विश्वासच घात करतो.

डोक्यात काय होतं ते सावकाश बघू. इंग्रजी वाचणारा 'द फोन' ला पोचतो. लगेच 'माय अंकल'. दोन नामं शेजारी, मध्ये सांधा नाही, 'दॅट' होता तो इंग्रजीने खाल्ला. सरावलेल्या वाचकाला एवढ्यावरून कळतं की फोनबद्दल काहीतरी सांगणार आहेत, तो फोन हातात धरून थांबतो. मग 'बॉट' येतो, काय घेतलं? पुढे कर्म नाही, म्हणजे हातातला फोनच तिथे बसवायचा. बसवला की लगेच 'स्टॉप्ड', कोण बंद पडलं? पुन्हा फोनच. एकच फोन दोनदा उचलायचा, एकदा घेतलेला म्हणून आणि एकदा बंद पडलेला म्हणून, आणि मधल्या वेळात खाली पडू द्यायचा नाही. ही धरून ठेवायची जागा म्हणजे वर्किंग मेमरी, आणि ती फार लहान असते, तीन-चार गोष्टी मावतात.

एमआयटीच्या एडवर्ड गिब्सन यांनी १९९८ मध्ये याचा चक्क हिशोबच मांडला. नाम आणि ते जिथे बसवायचं ती जागा यांच्या मध्ये किती नवीन माणसं-वस्तू-घटना येतात ते मोजा, जितक्या जास्त तितकं वाक्य महाग. म्हणून 'काका ज्यांनी फोन घेतला' हे इंग्रजीत स्वस्त, कारण 'हू बॉट द फोन' मध्ये काका आणि 'बॉट' शेजारीशेजारीच असतात. 'फोन जो काकांनी घेतला' हे महाग, मध्ये काका येऊन उभे राहतात. आता आणखी एक माणूस घाला, 'द फोन द अंकल द कझिन हेट्स बॉट ब्रोक'. व्याकरणात बसतं, पण तीन नामं आधी आणि तीन क्रियापदं नंतर, इंग्रजांचीही विकेट पडते. आणि मराठीत? भावाला न आवडणाऱ्या काकाने घेतलेला फोन बिघडला. ढेकरही न देता पचतं! काहीच धरून ठेवावं लागत नाही, एक जोडी जुळली की हात मोकळा, मग पुढची.

मग चिनीत उलटं व्हायला हवं ना? गिब्सनच्या हिशोबाने चिनीत 'काकाने घेतलेला फोन' स्वस्त आणि 'फोन घेतलेला काका' महाग. २००३ मध्ये फ्रॅनी श्याओ आणि गिब्सन यांनी प्रयोग केला, अगदी तसंच आलं. मग दुसऱ्यांनी केले, उलटं आलं. २०१३ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमचे श्रवण वसिष्ठ आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासलं आणि त्यांच्या मते चिनीतही 'फोन घेतलेला काका'च सोपा. भांडण मिटलेलं नाही. एक कारण असं की चिनीत एक खड्डा आहे जो मराठीत नाही. 'शूशू माइ' इथपर्यंत वाचलं की वाटतं वाक्य आहे, काका घेतो, आता वस्तू येईल. आणि येतो 'त', मग कळतं अरे हे वाक्य नव्हतंच, नुसतं वर्णन होतं. म्हणजे मागे जाऊन सगळं मोडून परत बांधा. मराठीत 'घेतला' आणि 'घेतलेला' यांच्यात क्रियापदाचं रूपच बदलतं, त्यामुळे 'घेतलेला' वाचल्या क्षणी नाम येणार हे ठरलेलं. चिनी क्रियापद कधीच रूप बदलत नाही, सगळा भार त्या एका 'त' वर. म्हणूनच तो तिथे सहसा गाळत नाहीत. आणि इंग्रजी मात्र आपला सांधा, तो 'दॅट', बिनदिक्कत गाळते. चिनी पोराचं डोकं आयुष्यभर सांध्याची खूण शोधायला शिकलेलं, आणि नेमकी खूणच गायब.

इथवर सगळं मातृभाषेवर ढकलून मी मोकळा झालो असतो, पण २००५ चा एक शोधनिबंध आडवा येतो. थिओडोरोस मारिनिस आणि मंडळींनी इंग्रजी शिकलेले चिनी, जपानी, जर्मन आणि ग्रीक असे चार गट घेतले आणि 'हू' वाली लांब वाक्यं तुकड्यातुकड्याने वाचायला देऊन वेळ मोजला. जर्मन आणि ग्रीकमध्ये इंग्रजीसारखंच शेपूट मागे लागतं, ते पुढे जायला हवे होते. गेले नाहीत. चारही गट सारखेच वागले, इंग्रज जिथे मध्येच थांबून नाम परत उचलतो तिथे यांच्यापैकी कोणी थांबलंच नाही, थेट क्रियापदाशी जाऊन अर्थावरून जोडलं. यावरून हाराल्ड क्लासेन आणि क्लाउडिया फेल्सर यांनी २००६ मध्ये म्हटलं की परकी भाषा वाचताना आपण वाक्याचा सांगाडा पूर्ण उभा करतच नाही, शब्दांच्या अर्थावरून जे शक्य वाटतं ते धरतो. काका-फोन-घेणे, यात फोन काकाला घेणार नाही हे उघड, सांगाडा लागतोच कशाला. वाक्य उलटसुलट होऊ शकत असेल तेव्हाच मार बसतो, आणि परीक्षेचे चार पर्याय काढणाऱ्याला हे बरोब्बर माहीत असतं.

म्हणून तिथले मास्तर पोरांना पेन्सिलने कंस करायला लावतात, नामाच्या मागचं शेपूट कंसात टाका, आधी कंसाबाहेरचं वाचा, मग कंस उचलून नामाच्या आधी ठेवा. म्हणजे इंग्रजीचं चिनी करा. मला हे हुशारीचं वाटतं आणि थोडं वाईटही, कारण अशाने पेपर सुटतो पण वेग कमीच राहतो, दर वाक्याला डोळा मागे पाठवायची सवय लागते. कंस न करता भरपूर सोपी पुस्तकं वाचलेली पोरं शेपटाला सरावतात, पण त्याला वेळ लागतो आणि बारावीत वेळ सोडून सगळं असतं. इकडे काय, तिकडे काय.

हे सगळं लिहून झाल्यावर मी फॅमिली ग्रुपवर एक वाक्य टाकलं, 'द डॉक्टर द नर्स कॉल्ड डिडन्ट कम', आणि विचारलं कोण आलं नाही. भाऊ इंजिनियर आहे, त्याने लिहिलं नर्स. बारावीतल्या भाचीने लिहिलं नर्स, मग डिलीट केलं, मग लिहिलं डॉक्टर. मामांनी अंगठा पाठवला. मामींनी दहा मिनिटांनी लिहिलं, "नर्सने बोलावलेला डॉक्टर ना? नेहमीचंच आहे ते."