वर्गात नाग आणावा का? सर्पजागृतीच्या व्याख्यानांची पार्श्वभूमी

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा शाळेच्या पटांगणात गारुडीच साप दाखवत असत. दात पाडलेला, अर्धमेला नाग, पुंगी आणि शेवटी फिरणारी थाळी. गारुडी हळूहळू गेले. त्यांची जागा पोतं आणि स्टिक घेऊन येणाऱ्या सर्पमित्रांनी घेतली. हेतू बदलला, धामण किंवा दिवड पोरांच्या हातात देण्याची पद्धत मात्र बराच काळ टिकली. आजही ती पुरती गेलेली नाही.

कायद्याच्या व्याख्येत 'शिकारी'त पकडणंही येतं. परवानगीने पकडता येण्याच्या मोजक्या कारणांत 'शिक्षण' आहे, आणि खरा गुंता तिथेच झाला. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि नाग पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत गेला. त्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी अशी परवानगी द्यायला केंद्राची मान्यता लागते.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी याच वाटेने पुढे गेली. जिवंत नागांची पूजा, मिरवणूक आणि स्पर्धा यांना २०१४मध्ये न्यायालयाने आळा घातला. गावात नाराजी राहिली, दर श्रावणात मागणी पुन्हा वर येई. जुलै २०२५मध्ये केंद्राने नाग पकडायला मर्यादित परवानगी दिली. कारण नोंदवलं ते शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानाचा प्रसार. नाग कुठे असतो, तो कसा हाताळावा याची समज शिराळकरांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सणाची अडचण शिक्षणाच्या खात्यावर टाकली, की शाळेत फण्याशी खेळणाऱ्यालाही तेच उत्तर तयार मिळतं.

आणि असा खेळ पाहून पोरं शिकतात काय? साप पकडता येतो, एवढंच. सापाला बाहेरचा कान नसतो, तो पुंगीच्या सुरावर नव्हे तर तिच्या हालचालीवर डोलतो, हे चित्रफितीतूनही पटतं. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, वेदना फारशी होत नाही, म्हणून दंश कळतच नाही. हे सांगायला मण्यार कशाला हवी? मच्छरदाणी दाखवली तरी पुरे.

व्याख्यानांचा मजकूर अलीकडे झपाट्याने बदलला. जखम कापा, रक्त चोखा, घट्ट दोरी बांधा हे जुने सल्ले आता चूक म्हणूनच सांगावे लागतात, कारण घरोघरी ते अजून पाठ आहेत. २०१७मध्ये सर्पदंशाला जागतिक पातळीवर दुर्लक्षित आजार मानलं गेलं. २०२४मध्ये देशाचा कृती आराखडा आला आणि २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठरलं. त्यामुळे नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चौकडी ओळखून दाखवण्यापेक्षा दंशानंतरच्या पहिल्या तासाला जास्त वेळ मिळू लागला: हात-पाय हलू न देणं, अंगठी-पैंजण काढणं, १०८ला फोन. दंशानंतर दिली जाणारी, सरसकट वापरातली विषावरची लस (प्रतिविष) या चौघांच्याच विषावर बनते. सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापासाठी ती नाही, हेही कोकणातल्या शाळेत सांगायला हवं.