जुनी मॅटाडोर किंवा ४०७ पुन्हा रोज रस्त्यावर: परवानगी, फिटनेस आणि कागदपत्रे

जिनिंगच्या आवारात, डाळमिलच्या मागे किंवा मळ्यातल्या शेडखाली उभी असलेली जुनी मॅटाडोर, टाटा ४०७ किंवा बॉनेटची टाटा असा जुना मालट्रक नीट करून पुन्हा कामाला लावणे खान्देशात अवघड नाही. धुळे, जळगाव, भुसावळला जुन्या गाड्यांचे हात बसलेले मिस्त्री आजही आहेत. अडते ते क्रम चुकल्यामुळे. आधी काम, मग कागद असे केले की तयार गाडी आरटीओच्या दारात परत फिरते. म्हणून हा सगळा क्रम कागदापासून सांगितला आहे.

विंटेज नोंदणी घेऊ नका

जुनी गाडी म्हटले की कोणीतरी 'विंटेजमध्ये टाका' असे सुचवतोच. केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम आणले. ते पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत. चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावे लागते. नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. मुख्य अट पुढे आहे: अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. ४०७ बाजारात आली १९८६ मध्ये, त्यामुळे तिचा वयातही मेळ बसत नाही. माल वाहायचा असेल तर गाडी मालवाहू म्हणूनच नोंदलेली राहू द्या आणि फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र) नियमित ठेवा. स्वतःच्या शेतातली केळी स्वतःच्या गाडीतून नेली तरी कायद्याने ते परिवहन वाहनच धरले जाते.

दुसरा गैरसमज १५ वर्षांचा. वयावरून सरसकट बंदीच्या बातम्या दिल्ली परिसराच्या असतात. आपल्याकडे खासगी मालकीचा ट्रक तपासणीत पास होतो तोवर चालतो.

आधी नोंद शोधा

सुट्या भागांवर एक रुपया खर्च करण्याआधी परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून पाहा. जुन्या पुस्तकी आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) गाड्यांची माहिती बऱ्याचदा संगणकात चढलेलीच नसते. तशी असेल तर मूळ नोंदणी ज्या कार्यालयात झाली तिथे बॅकलॉग नोंदीसाठी, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवण्यासाठी, लेखी अर्ज द्यावा लागतो. सोबत मूळ आरसी, जुनी फिटनेस प्रमाणपत्रे, कराच्या पावत्या आणि मालकाचे ओळखपत्र जोडा. नंदुरबारकरांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीच्या गाडीचे रेकॉर्ड धुळ्यात शोधावे लागते. एमएच-१८, एमएच-१९ सुरू होण्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांचे रेकॉर्डही मूळ नोंदणीच्या कार्यालयातच शोधावे लागते.

गाडी आजोबांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर आधी हस्तांतरण करून घ्या. मोबाइल क्रमांकही तेव्हाच जोडा. ओटीपी जुन्या मालकाच्या फोनवर जात राहिला तर पुढचा एकही ऑनलाइन अर्ज सरकत नाही. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा दिसत असेल तर तो उतरवा, कारण बोजा असलेल्या गाडीत बदल करायला कर्ज देणाऱ्याची लेखी संमती लागते.

मग चासी नंबर. तपासणीत त्याचा पेन्सिलने ठसा घेतात. खताची पोती आणि ओला माल वाहिलेल्या गाड्यांच्या चासीवर गंजाचे पापुद्रे धरतात आणि आकडे बुजतात. तिथे ग्राइंडर किंवा जाड तारेचा ब्रश लावू नका. एकदा आकड्याची कड गेली की '३' आणि '८' ओळखू येत नाहीत आणि गाडीवर संशय येतो. डिझेलात भिजवलेला बोळा रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने पुसा आणि खडू घासा. खोलगट आकडे पांढरे उठून दिसतात. तरीही वाचता येत नसेल तर आरटीओच्या परवानगीनेच नंबर पुन्हा ठोकून घ्यायचा असतो. गॅरेजमध्ये परस्पर ठोकलेला नंबर हा गुन्ह्याचा विषय होतो.

कोणत्या बदलाला परवानगी लागते

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ इथे लागू होते. उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याचा काटेकोर अर्थ लावला, तेव्हापासून कार्यालये सैल सोडत नाहीत. विनापरवाना बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

याची सोपी कसोटी म्हणजे आरसी समोर ठेवून वाचणे. इंजिन नंबर, इंधन, बॉडीचा प्रकार, रंग, आसने, रिकामे वजन, एकूण वजन, व्हीलबेस, टायरचा आकार यांपैकी काही बदलणार असेल तर आधी अर्ज करा. ब्रेकची नळी, लायनर (ब्रेकचे घासणारे अस्तर), पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा), वायरिंग, काच, सीट बेल्ट, दिवे ही दुरुस्ती आहे. भाग त्या मॉडेलचे असतील तर परवानगी लागत नाही, फक्त बिले जपून ठेवा. चासी लांबवणे आणि पाटे वाढवून जादा भार घेणे या दोन गोष्टींचा विचारही करू नका. पाटे वाढले तरी ब्रेक आणि अ‍ॅक्सल तेवढेच राहतात.

बदलाचा अर्ज पोर्टलवर 'वाहनातील फेरफार' या सेवेत भरून त्याची प्रत कार्यालयात द्यायची. सोबत आरसी, विमा, पीयूसी, कर भरल्याचा पुरावा, ओळखपत्र, करायच्या बदलाचे वर्णन आणि बोजा असल्यास संमतीपत्र लागते. उघड्या हौदाच्या जागी बंद बॉडी बसवायची असेल तर बॉडीवाल्याचे मापांसह कोटेशन जोडा. मागच्या चाकांपलीकडे लोंबणारा भाग व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको. इंजिन बदलताना नव्या इंजिनाचे बिल आणि त्याच्या मालकीचा पुरावा हवाच. भंगारबाजारातून उचललेले बिनकागदी इंजिन कितीही गोड चालले तरी नोंदवता येत नाही. काम झाल्यावर १४ दिवसांच्या आत कार्यालयाला कळवून आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

गाडीत काय सुधारायचे: सुरुवात ब्रेकपासून

बजेट अपुरे असेल तर रंग, सीट आणि म्युझिक राहू द्या, ब्रेक पूर्ण करा. बऱ्याच जुन्या हलक्या ट्रकांना एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक तेल ढकलणारा भाग) असतो. एक रबरी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. लळिंग घाटात किंवा धडगावच्या वाटेवर चांदसैली घाटात भरलेल्या गाडीला हे परवडणारे नाही. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा दुहेरी मास्टर सिलिंडर बसत असेल तर तो घाला. पुढची आणि मागची लाइन वेगळी होते, एक गेली तरी दुसरी धरते. परक्या गाडीचे डिस्क ब्रेक वेल्डिंगच्या पट्ट्यांवर अडकवण्याचा नाद मात्र नको. वेल्ड तापून चिरते आणि तपासणारा ते लगेच हेरतो.

सगळ्या रबरी नळ्या एकदम बदला, बाहेरून चांगल्या दिसल्या तरी. जुनी नळी आतून सुजते, पेडल सोडल्यावर तेल परत येत नाही आणि ते चाक तापत राहते. ब्रेक तेल हवेतले पाणी ओढते. डॉट ३ प्रतीचे तेल नवे असताना किमान २०५ अंशांपर्यंत न उकळता टिकते, पाणी शोषल्यावर ही हमी १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. मे महिन्यातल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात घाट उतरताना हा फरक पेडलखाली कळतो. तेल उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसते. सील सोसत असतील तर डॉट ४ वापरा आणि दर दोन वर्षांनी बदला.

ब्रेक एका बाजूला ओढत असेल तर बहुतेकदा व्हील सिलिंडर जाम झालेला असतो किंवा हबच्या सीलमधून गळलेल्या ग्रीसने लायनर भिजलेले असते. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन चालत नाही. सील बदला आणि त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनर जोडीने नवे घाला. बूस्टरची (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाची) परीक्षा सोपी आहे: इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारा, शेवटी दाबून धरा आणि स्टार्टर द्या. पेडल थोडे खाली सरकले तर बूस्टर जिवंत आहे. सरकले नाही तर पडदा फाटला आहे किंवा व्हॅक्यूम पंप थकला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९६ नुसार ताशी ३० किलोमीटरवरून गाडी १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. मोकळ्या आवारात चुन्याची रेघ मारून हे स्वतः मोजा.

स्टिअरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, असे नियम ९८ सांगतो. ४५ सेंटीमीटरच्या चाकावर तो कडेला साधारण १२ सेंटीमीटर भरतो. ही शेवटची सीमा झाली. रोजच्या गाडीत याच्या निम्म्याखाली आणा. किंगपिन, बॉल जॉइंट आणि ड्रॅग लिंक हे चाकाकडचे जोड आधी पाहा, स्टिअरिंग बॉक्सचे सेटिंग शेवटी. बॉक्स आवळून खेळ लपवला तर वळणानंतर चाक स्वतःहून सरळ होत नाही.

टायरला १.६ मिलिमीटर नक्षी लागते, पण उभ्या गाडीचा टायर नक्षीने ओळखू नका. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. कडेला भेगा पडल्या असतील तर नक्षी कितीही असो, काढून टाका.

दिवे मंद असतील तर जास्त वॅटचा बल्ब घालू नका, होल्डर वितळतो. दोष बहुधा जुन्या वायरीत असतो. बॅटरीवर आणि बल्बवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर फ्यूज आणि रिलेसह नवी वायर ओढा, अर्थिंगचे जोड घासून स्वच्छ करा. गाडी १२ व्होल्टची की २४ ची हे रिले घेण्याआधी पाहा. हॅलोजनच्या काचेत एलईडी बल्ब बसवला की उजेड विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि बीम तपासणीत गाडी अडकते.

सीट बेल्टचा बोल्ट केबिनच्या पातळ पत्र्याला लावू नका. मागून जाड प्लेट देऊन ७/१६ इंचाचा बेल्टचाच बोल्ट वापरा. मागे अंडर-रन बंपर (मागून येणारी गाडी खाली घुसू न देणारा) हवा, रिकाम्या गाडीत त्याची खालची कड जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. ट्रॅक्टर-ट्रॉली आणि दुचाकींनी भरलेल्या आपल्या रस्त्यांवर रात्री हाच बंपर जीव वाचवतो. परावर्तक पट्टी समोर पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. फाळका उघडल्यावर झाकली जाईल अशा जागी ती लावू नका.

फिटनेसचा अर्ज

पोर्टलवर महाराष्ट्र निवडा, वाहन क्रमांक आणि चासीचे शेवटचे पाच आकडे टाका, ओटीपी द्या, फिटनेस नूतनीकरण निवडा, शुल्क भरा आणि तपासणीची वेळ घ्या. जिथे स्वयंचलित तपासणी केंद्र लागू आहे तिथे गाडी त्या केंद्रावर न्यायची. आठ वर्षांपुढच्या गाडीला प्रमाणपत्र एकाच वर्षाचे मिळते.

सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, मागचे फिटनेस, कर व पर्यावरण कराच्या पावत्या, परावर्तक पट्टीचे प्रमाणपत्र आणि लागू असल्यास ताशी ८० किलोमीटरच्या वेगनियंत्रकाचे प्रमाणपत्र ठेवा. पर्यावरण कर मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर लागतो. बीएस-४ (धुराच्या मानकाचा चौथा टप्पा) पूर्वीच्या गाडीचा पीयूसी सहाच महिन्यांचा असतो. धूर मर्यादेबाहेर जात असेल तर एअर फिल्टर बदलून पाहा, मग नोझल आणि पंपाचे कॅलिब्रेशन. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाटीही बंधनकारक आहे. थकीत चलन आधीच भरून टाका.

पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांचे शुल्क एप्रिल २०२२ पासून कित्येक पटींनी वाढले. ते वजन आणि वयानुसार बदलते, म्हणून कोणाच्या तोंडचा आकडा न धरता पोर्टलवर दिसेल तोच धरा. मुदत संपल्यावर दररोज ५० रुपये जादा शुल्काची तरतूदही नियमात आहे.

फिटनेस संपलेल्या परिवहन वाहनाची नोंदणी कलम ५६ नुसार वैध धरली जात नाही, त्यामुळे वाटेत अपघात झाला तर विमा दावाही वादात सापडतो. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी केंद्रापर्यंत टो करूनच न्या. जाण्याआधी खालून धुवा. चिखल-तेलाखाली गळती दिसत नाही आणि तपासणारा ती लपवली असे समजतो. गाडी नापास झाली तर कारणे लेखी मिळतात. तेवढी दुरुस्ती करून मुदतीत फेरतपासणी घ्या. त्यातही नापास झालेली गाडी भंगारात काढायच्या यादीत जाऊ शकते, म्हणून पहिल्याच वेळी पूर्ण तयारीने जाणे शहाणपणाचे.

परमिट आणि परवाना

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू परमिट लागत नाही. काही मॅटाडोर यात बसतात, ४०७ बसत नाही. वजन आरसीवरचेच धरायचे. रावेरहून बऱ्हाणपूर, शिरपूरहून सेंधवा किंवा नवापूरहून सोनगड अशी नेहमीची फेरी असेल तर परराज्याच्या परमिटची चौकशी गाडी दुरुस्तीला लावण्याआधी करा, कारण नॅशनल परमिटला गाडीच्या वयाची वेगळी मर्यादा आहे. ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले.