पार्श्वभूमी : डव्हटेल नावाचा घोळ आणि सरकणारा स्कोप

वाळूजच्या कारखान्यांत बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोरानं, आवळून झाला, की त्यावर मार्करनं पिवळी रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली, की बोल्ट हलला. शिफ्ट सुटल्यावर छऱ्याची बंदूक घेऊन बसणाऱ्या आमच्यासारख्यांनी ती सवय घरी आणली, फक्त मार्करऐवजी नेलपॉलिश. माउंटवरून, म्हणजे बंदुकीवर स्कोप (दुर्बीण) धरणाऱ्या पकडीवरून, खाली बंदुकीच्या नळकांड्यापर्यंत एक रेघ ओढायची, टेबलावर वाळूची थैली ठेवायची आणि पन्नासेक छरे मारायचे. मग भिंग लावून बघितलं, तर रेघेची दोन टोकं अर्धा मिलिमीटर फाकलेली असतात. माउंट सरकलेला असतो, आणि तोही मागे, डोळ्याकडे.

पूर्वी हे सरकणं दोष मानत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत रायफलीवर लांब नळीच्या दुर्बिणी बसू लागल्या. पुढे त्यांतल्या टेबलावरच्या नेमबाजीसाठीच्या दुर्बिणी मुद्दामच माउंटात सैल ठेवत. गोळी सुटली की रायफल मागे जायची, दुर्बीण जागच्या जागी राहायची, म्हणजे रायफलीच्या मानानं पुढे. मग नेमबाज ती हातानं मागे ओढून जागेवर आणायचा किंवा स्प्रिंग ते काम करायची. नेम जुळवायची चाकं तेव्हा माउंटवरच असत. विसाव्या शतकात ती दुर्बिणीच्या नळीत गेली, माउंटाला हलायची मुभा उरली नाही आणि ‘घट्ट कसं धरायचं’ हा प्रश्न खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला.

आता घोळाकडे. छऱ्याच्या बंदुकीवर माउंट ज्या खाचांत बसतो, त्यांना डव्हटेल म्हणतात. सुताराला हा शब्द सांगा, त्याच्या डोळ्यांपुढे ड्रॉवरचा कोपरा येतो : ओढला तरी न निघणारा जोड. लेथवाल्याला सांगा, त्याला आठवते क्रॉस स्लाइड, म्हणजे हँडल फिरवलं की लोण्यासारखी सरकणारी. शब्द एकच आहे, अर्थ मात्र एकमेकांच्या विरुद्ध. बंदुकीवरचं डव्हटेल लेथवाल्याचं आहे. ते माउंटाला वर उचलू देत नाही, बाजूला जाऊ देत नाही. लांबीच्या दिशेनं मात्र त्याला काहीच अडवत नाही, आणि धक्का नेमका त्याच दिशेनं येतो. तिथं माउंट धरून ठेवतं ते फक्त घर्षण. ‘गच्च आवळ’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. त्या सल्ल्यापायी अॅलन कीनं (षटकोनी पान्यानं) आटे खाल्लेले स्क्रू मी डबीभर बघितलेत.

मापाचंही तसंच. 11 मिलिमीटर म्हणून विकलेला माउंट अमेरिकी पद्धतीच्या 3/8 इंचाच्या, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या खाचेवरही चढवला जातो. वरून बसलेला दिसतो. आत माउंटाच्या जबड्याची फक्त कड टेकलेली असते.

दुसरा गुंता दिशेचा. काडतुसाच्या रायफलीवर माउंट पुढे ढकलून आवळावा, हा नियम त्या रायफलीपुरता बरोबर आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत धक्के दोन. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते. लगेच पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि बंदूक झटक्यानं पुढे जाते. हा दुसरा झटका जास्त तीक्ष्ण, म्हणून माउंट मागे सरकतो. काडतुसाच्या रायफलीसाठी बनवलेले चांगले महागडे स्कोप याच उलट्या झटक्यानं आतून मोडले, तेव्हा कुठं ‘एअरगन रेटेड’ हा शिक्का बाजारात आला.

1995 मध्ये अमेरिकी लष्करानं आडव्या खाचांच्या पिकाटिनी रेलचं, म्हणजे बंदुकीवर माउंट बसवायच्या पट्टीचं, माप पक्कं केलं : खाच 0.206 इंच रुंद, दोन खाचांतलं अंतर 0.394 इंच. त्याआधीच्या वीव्हर रेलची खाच 0.180 इंचाची, आणि अंतराला नेम नव्हता. घर्षणाच्या भरवशावरचं काम माउंटाच्या, खाचेत बसणाऱ्या आडव्या बोल्टनं आपल्या अंगावर घेतलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली हीच एक शहाणपणाची गोष्ट. पण वीव्हरचा माउंट पिकाटिनीवर बसवला तर खाचेत 0.026 इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर मोकळीक राहते. तेवढं ढकलून भिंतीला टेकवूनच आवळायचं : काडतुसाच्या रायफलीवर पुढे, स्प्रिंगच्या बंदुकीवर मागे.

आपल्याकडे 2016 च्या शस्त्र नियमांत छऱ्याच्या बंदुकीला 20 ज्यूल आणि 0.177 इंच ही मर्यादा आली. तिच्या आतली बंदूक विनापरवाना, म्हणून मराठवाड्यातल्या टेबलांवर बहुतेक हीच दिसते, आणि तीही स्प्रिंगची. हवा भरायच्या बंदुकीला पिस्टनच नाही, त्यामुळे हा त्रासही नाही. पण तिच्या पंपाचा खर्च वेगळा. दुर्बीण धरणाऱ्या माउंटाच्या कडीच्या, म्हणजे रिंगच्या, टोपीचे स्क्रू साधारण 15 ते 18 इंच-पौंडांना, म्हणजे दोन न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. कारखान्यातला मोठा टॉर्क रेंच इतक्या खाली येतच नाही. इंच-पौंडाला फूट-पौंड समजलं तर जोर बारापट होतो.

आमच्यातल्या एकानं जबड्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली. रबर दबलं आणि ग्रुप, म्हणजे लागलेल्या छऱ्यांचा पुंजका, आणखी फाकला. राळेची पूड त्यापेक्षा बरी. खरा उपाय पिनचा : माउंटातून खाली उतरणारी, नळकांड्यावरच्या भोकात बसणारी. आमच्या बंदुकीला ते भोक नव्हतं. भोक पाडायला लेथवाल्याकडे नेली, त्यानं नळकांडं हातात फिरवून विचारलं, “आतून पिस्टन जातो ना?” जातो म्हटल्यावर बंदूक परत दिली. शेवटी माउंटाच्या मागे, त्याच खाचेत, दुसरा छोटा ठोकळा आवळला. रेघ आता त्या ठोकळ्यावरही आहे.