तिकीट-खिडकीपलीकडची खुर्ची

प्रवासाच्या बुकिंगचं ॲप सोपं कसं करायचं, ही चर्चा बहुतेक वेळा बटणाच्या रंगापासून सुरू होते. ती बरीच मागून सुरू करायला हवी. ॲप उघडणारा प्रवासी आज ज्या खुर्चीत बसतो, ती मुळात त्याच्यासाठी नव्हतीच. ती शिकून तयार झालेल्या कारकुनाची होती. खुर्ची टप्प्याटप्प्याने प्रवाशाकडे आली. समोरचं यंत्र मात्र बरंचसं तेच राहिलं.

१९५०च्या सुमारास विमानातली जागा राखणं म्हणजे कार्डांचा खेळ होता. गोल फिरणाऱ्या चकतीवर प्रत्येक उड्डाणाची कार्डं आणि भोवती कारकून. कार्ड उपसायचं, खूण करायची, परत ठेवायचं. एक बुकिंग पुरं व्हायला सरासरी ९० मिनिटं लागत. त्या चकतीभोवती माणसं तरी किती बसणार? १९५३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएम या संगणक कंपनीचे विक्री अधिकारी ब्लेअर स्मिथ एका विमानात योगायोगाने शेजारी बसले. आडनाव एकच निघालं, गप्पा रंगल्या, आणि त्यातून पुढे ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण यंत्रणा उभी राहिली. १९६० मध्ये ती सुरू झाली, १९६४ पर्यंत पूर्ण कामाला लागली. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर.

१९७६ पासून सेबरचे टर्मिनल, म्हणजे तिला जोडलेले पडदा आणि कळफलक, ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर पोहोचू लागले. पडद्यावर ना चित्र, ना बटण. नुसत्या आज्ञा. कृतीचं एखादं अक्षर, मग तारीख, मग दोन शहरांची तीन-तीन अक्षरी चिन्हं, सगळं एका दमात, मध्ये जागा न सोडता. बुकिंग नोंदायला पाच गोष्टी लागत: नाव, प्रवासाचा तपशील, फोन, तिकिटाची व्यवस्था आणि ही विनंती कुणी केली त्याची नोंद. सरावलेल्या एजंटाची बोटं त्यावर इतकी झपाट्याने चालत की आजचं भलंभलं ॲप मागे पडेल.

तरीही त्या काळी बुकिंग किचकट आहे अशी ओरड प्रवासी करत नसे. कारण ते यंत्र त्याला दिसतच नव्हतं. तो बोलायचा माणसाशी. “महिन्याच्या शेवटी जायचंय, सोबत लहान मूल आहे, फार पहाटेचं नको.” एजंट यातलं काय महत्त्वाचं ते ओळखायचा, आज्ञेत रूपांतर करायचा आणि दोनच पर्याय समोर ठेवायचा. माझ्या मते आजवरचा सगळ्यात चांगला इंटरफेस, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातला दुवा, तो एजंटच.

यंत्राची मालकी विमान कंपनीकडे असल्याने पडद्यावरचा क्रमही तिच्याच हातात होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन एअरलाइन्सच्याच पाहणीत दिसलं की एजंट निम्म्याहून जास्त वेळा पहिल्याच ओळीतलं उड्डाण निवडतात आणि ९२ टक्के वेळा पहिल्याच पडद्यावरचं. मग आपली उड्डाणं वर सरकवण्याचा मोह कुणाला आवरणार? स्पर्धकांनी तक्रारी केल्या आणि १९८४ मध्ये अमेरिकी सरकारने अशा पक्षपाती मांडणीवर बंदी घातली. पडद्यावरचा क्रम हा कायद्याचा विषय झाला तो तेव्हा. आज ॲपमध्ये ‘आमची शिफारस’ अशी पट्टी दिसली की मला तो जुना वाद आठवतो.

१९९६ मध्ये ट्रॅव्हलोसिटी आणि एक्सपीडिया ही संकेतस्थळं सुरू झाली आणि प्रवासी त्या खुर्चीत बसला. कुठून, कुठे, कधी, किती जण: शोधाची ही चौकट आपल्याला उपजत वाटते, पण ते एजंटाच्या आज्ञेचेच सुटे केलेले तुकडे आहेत. यंत्राला जे हवं तेच आपण विचारत राहिलो; मूल सोबत आहे, पहाटे नको, हे सांगायला त्या चौकटीत जागाच नव्हती. वेळेचे, थांब्यांचे फिल्टर नंतर आले, तेही निकालांची लांबलचक यादी अंगावर आल्यावर.

एका जास्तीच्या रकान्याची किंमत किती, याचा किस्सा एक्सपीडियाच्याच अधिकाऱ्याने २०१०च्या सुमारास सांगितला होता. पैसे भरण्याच्या पानावर ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना होता. काहींना वाटे, इथे कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव लिहायचं. मग पुढच्या पत्त्याच्या रकान्यात ते बँकेचाच पत्ता लिहीत. पत्ता कार्डाशी जुळत नसे आणि व्यवहार फसे. रकाना काढून टाकला आणि नफा वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरने वाढला.

जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं. तेव्हाच्या आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा, ३२० बाय ४८० पिक्सेलचा. सुरुवातीच्या बऱ्याच ॲप्सनी संकेतस्थळच त्यात कोंबलं. हळूहळू लक्षात आलं की इथे टंकलेखन महाग आहे आणि बोट जाडं आहे. दाबायची जागा किमान ४४ पॉइंटची (पॉइंट हे पडद्यावरचं माप) असावी, हा ॲपलचा दंडक त्यातूनच आला. जवळचं विमानतळ फोननेच ओळखावं, कार्डाचा आकडा कॅमेऱ्याने वाचावा, या सोयी त्यानंतरच्या.

पण मोबाइलचा खरा फरक बुकिंगच्या पानावर पडलाच नाही, तो पडला प्रवासाच्या दिवशी. १ जून २००८ पासून आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने कागदी तिकीट जवळपास हद्दपार केलं, २०१० अखेरपर्यंत चुंबकीय पट्टीच्या बोर्डिंग पासची जागा बारकोडने घेतली आणि २०१२ मध्ये आयफोनमध्ये तिकिटं आणि पास साठवणारं ‘पासबुक’ हे ॲप आलं. तिकीटच फोनमध्ये शिरल्यावर ॲप उघडण्याची वेळ बदलली. घरी निवांत बसून शोधणारा माणूस वेगळा. एका हातात बॅग, बॅटरी संपत आलेली, नेटवर्क नाही आणि मागे रांग, असा माणूस वेगळा. गेट क्रमांक ठळक असणं, पास नेटशिवाय उघडणं, बारकोड दाखवताना पडदा आपोआप उजळणं, यांतलं काहीही जाहिरातीत शोभून दिसत नाही. ॲप वापरायला सोपं आहे की नाही, ते मात्र इथेच कळतं.

याच सुमारास एक उलटी वाटही रुळली: प्रवाशाला मुद्दाम चकवण्याची. एका युरोपीय विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ‘विमा नको’ हा पर्याय देशांच्या यादीत, दोन देशांच्या नावांमध्ये दडवलेला होता. असल्या युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. युरोपीय संघाने २००८च्या नियमातच करांसह अंतिम भाडं दाखवणं आणि जास्तीच्या सेवा प्रवाशाने स्वतः निवडणं सक्तीचं केलं होतं. ‘शेवटची खोली उरली!’ ही सूचना फक्त आपल्या मंचापुरती आहे, हे स्पष्ट करायचं हॉटेल-बुकिंगच्या बुकिंग डॉट कॉमने २०१९ मध्ये युरोपीय आयोगाला कबूल केलं. २८ जून २०२५ पासून तिथे प्रवासी सेवांची ॲप्स अपंग व्यक्तींनाही वापरता येणं कायद्याने बंधनकारक आहे.

जुनं यंत्र मात्र अधूनमधून डोकं वर काढतंच. बुकिंगचा तो सहा अक्षरी कोड त्याच घराण्यातला. टेलिटाइपला, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या जुन्या यंत्राला, फक्त मोठी रोमन अक्षरं कळत, म्हणून नाव आजही अक्षरांवरच्या खुणा आणि ॲपॉस्ट्रॉफी गाळून छापलं जातं, आडनाव आधी. नावाच्या शेवटी ‘एमआर’ ही अक्षरं असतील तर काही यंत्रणा त्यांना ‘मिस्टर’ समजून छाटतात. आणि तिकीट बदलायला किंवा रद्द करायला गेलं की गुळगुळीत पानं संपतात आणि भाड्याच्या अटींचा तुटक, संक्षेपांनी भरलेला मजकूर समोर येतो. दंडाच्या अटी त्यात ‘कॅटेगरी १६’ या सदरात असतात. एजंट तो मजकूर नजरेखालून घालून एका वाक्यात सांगायचा: बदलता येईल, एवढे पैसे कापतील. ते एक वाक्य पैसे भरायच्या आधी दाखवणारी ॲप्स अजून मोजकीच आहेत.